बर्फात घसरायचं, म्हणजे स्कीइंग करायचं, तर काश्मीरचं गुलमर्ग की उत्तराखंडची औली?

नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली गाठेपर्यंत दोन्ही वाटा एकच. खरा फरक पुढे पडतो.

औलीला ऋषिकेशहून जोशीमठ साधारण अडीचशे किलोमीटर, सगळा घाटरस्ता. आख्खा दिवस त्यातच जातो. जोशीमठ-औली रोपवे 2023 च्या जानेवारीत, जमीन खचू लागल्यावर बंद झाला. त्यामुळे जायच्या आधी वर पोचायची सोय विचारूनच घ्या. उतार मात्र नवशिक्याला सोपे, गर्दी कमी, समोर नंदादेवी. अडचण बर्फाची. एखाद्या वर्षी जानेवारी निम्मा सरला तरी जमीन उघडीच.

गुलमर्गला बर्फाचा भरवसा जास्त. श्रीनगरहून पन्नासेक किलोमीटर. ताजा बर्फ असला की टंगमर्गपासून टायरला साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, अफरवट डोंगरावर जवळपास 3,950 मीटरपर्यंत नेतो, पण तो उतार आपल्यासारख्यांचा नाही हो! खालच्या मैदानावरच शिका. बूट भाड्यानं घेताना घालून चालून बघा: टाच उचलली जात असेल तर एक नंबर लहान मागा. सुती मोजे नकोत, भिजले की पाय बधिर.

महिना? डिसेंबरअखेर दोन्हीकडे महाग. संक्रांतीनंतर तूर घरात आली की फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात निघा. घरात बारावीचं पोर असेल तर परीक्षा संपल्यावर, मार्चमध्ये. मग मात्र गुलमर्गच, औलीत तोवर बर्फ पातळ होतो. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीतही गुलमर्गच.