चिनी वैद्यक: सुया बऱ्या की काढा?
चिनी वैद्यक म्हटलं की आपल्याला आधी अ‍ॅक्युपंक्चरच, म्हणजे सुया टोचायचा उपचार, आठवतं, पण तिकडे खरा जोर कायम काढ्यांवर राहिलाय, 1822 मध्ये तर सम्राट दाओग्वांगने राजवैद्यांच्या संस्थेतून सुया बंदच करून टाकल्या होत्या. पाठ नाहीतर गुडघा दुखत असेल तर मी सुयाच म्हणेन, इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक असतात, टोचल्या जागी जरा जड जड वाटतं, बस. फक्त सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा! काढ्यात ताकद जास्त आणि धोकाही, चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं ते मलेरियावरचं आर्टेमिसिनिन याच परंपरेतल्या वनस्पतीतून आलं, पण अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींच्या औषधांनी कित्येकांच्या किडन्या कायमच्या गेल्यात. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काढा नकोच.