गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर: अंगणात बदलायचा, एसीवाल्याकडे की शोरूमला?

कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप. "कॉम्प्रेसर गेलाय" असं कुणी सांगितलं की आपण लगेच भाव काढायला लागतो. नवा केवढ्याला, जुना कुठं मिळेल, घरी बसवला तर मजुरी किती वाचेल. पण गेलाय म्हणजे नेमकं काय झालंय, हे विचारायचं राहूनच जातं. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. स्वतःच्या गाडीचा कॉम्प्रेसर अंगणात उतरवून बसवलाय, भावाच्या गाडीचा बेळगावात एसीवाल्याकडे बदलून घेतलाय आणि मेव्हण्याच्या गाडीचं काम शोरूमच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून बघितलंय. तिन्ही ठिकाणी पैसे आणि वेळ घालवल्यावर माझं मत असं झालंय की कॉम्प्रेसर कसा बिघडला त्यावर वाट ठरवावी. खिशाचा विचार त्यानंतर.

म्हणून आधी तपासणी. ती घरी, फुकटात होते. गाडी सुरू करून एसीचं बटण दाबा आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बघा. पट्ट्यावर पुली कायम फिरत असते, पण पुढची चकती, म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच, एसी लावल्यावर 'टक' करून पुलीला चिकटते आणि फिरायला लागते. चिकटलीच नाही तर कॉम्प्रेसर मेला असं समजू नका. गॅस कमी झाला की प्रेशर स्विच क्लचला करंटच जाऊ देत नाही. आमच्या भागात चांगले कॉम्प्रेसर भंगारात जायचं हे मोठं कारण आहे असं मला वाटतं. क्लचच्या वायरीवर बारा व्होल्ट येत असतील आणि तरी चकती हलत नसेल, तर चकतीला ओढणारी चुंबकाची कॉइल बघायची. मल्टीमीटरवर साधारण तीन ते पाच ओहम दाखवली तर ठीक, काहीच दाखवलं नाही तर जळलीय. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा.

पुढची परीक्षा इंजिन बंद करून. ती चकती हातानं फिरवायची. थोडा अटकाव लागत पण सलग फिरली तर आतला भाग बहुधा जिवंत आहे. अजिबात हलत नसेल किंवा आत खरखर लागत असेल तर तो जाम झालाय. एसी बंद असतानाही घरघर येते आणि लावल्यावर बदलते, तर पुलीच्या बेअरिंगवर संशय घ्या. पुढच्या शाफ्टपाशी तेलाचा काळा थर साचलाय म्हणजे सील गळतंय.

क्लच, कॉइल, बेअरिंग यातलं काही असेल तर हे काम घरीच करा, असं मी बिनधास्त सांगतो. गॅसची यंत्रणा उघडावीच लागत नाही. पुलर, सर्कलिप काढायचा चिमटा आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) एवढं लागतं. चकती आणि पुली यांच्यामधली फट बारीक पत्र्याच्या वॉशरनं परत जुळवायची. बहुतेक गाड्यांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. फक्त बेअरिंग गेलेल्या गाडीला अख्खा कॉम्प्रेसर सुचवला जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. नव्या कॉम्प्रेसरच्या किमतीपुढे बेअरिंगची किंमत काहीच नसते.

पण आतून जाम झाला असेल किंवा सील गेलं असेल, तर यंत्रणा उघडावी लागते. तिथून पुढं घर आणि गॅरेज यांच्यात खरा फरक पडतो.

घरच्या कामात पाना चालवणं हा सोपा भाग आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, पट्टा सैल करायचा, दोन पाइप, तीन-चार बोल्ट, एक वायर, की कॉम्प्रेसर हातात. बहुतेक छोट्या गाड्यांत तो इंजिनाच्या पुढच्या अंगाला खाली असतो, म्हणजे गाडीखाली शिरावं लागतं. आमच्याकडं गाडी जांभ्या चिऱ्यावर टेकवायची सवय आहे. ती सोडा. चिरा वरून दणकट दिसतो, पण एका कोपऱ्यावर वजन आलं की फुटतो. जॅकबरोबर लोखंडी स्टँड नसेल तर हे काम हातात घेऊ नका.

अवघड आहे तो गॅस. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. तो उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे दाबाखालचा पाइप सोडला आणि फवारा हातावर किंवा डोळ्यात आला तर इजा थंडीनं होते, आणि ती भाजल्यासारखीच असते. बंद शेडमध्ये तो हवेची जागा घेतो, आणि ज्योतीवर गेला तर विषारी वायू होतो. शिवाय तो हवेत सोडायची गोष्ट नव्हे. वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरतात. छोट्या गाडीत समजा ४५० ग्रॅम गॅस असेल, तर तो सोडून देणं म्हणजे सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं, जवळजवळ पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. ज्या खानापूरच्या जंगलाचा आपण अभिमान सांगतो, त्याच्याच कडेला उभं राहून नट सैल करून 'फुस्स' करायला माझं मन धजत नाही. म्हणून गॅस यंत्रानं ओढून घेणं आधी, पाना नंतर. ते यंत्र कुणाच्या घरी नसतं.

पुढचं तेल. नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा कारखान्यातून तेल भरलेलं येतं, आणि ते पुष्कळदा पूर्ण यंत्रणेच्या हिशेबानं असतं. जुन्यातलं तेल मापात ओतून बघायचं, नव्यातलं काढायचं आणि कंपनीच्या हिशेबाप्रमाणे परत घालायचं. छोट्या गाडीत एकूण तेलच शंभर-दीडशे मिली, त्यामुळे थोडं इकडंतिकडं झालं तरी फरक पडतो. जास्त झालं तर गारवा कमी, कमी पडलं तर नवा कॉम्प्रेसरही जाम. तेल पीएजी ४६ घालायचं की जास्त दाट पीएजी १००, हे गाडी ठरवते, दुकानदार नव्हे. आणि हे तेल हवेतलं पाणी ओढतं. फोडलेला डबा आठवडाभर उघडा ठेवून परत वापरू नये.

मग व्हॅक्यूम. किमान अर्धा तास पंप चालवून आतली हवा आणि ओल काढायची, मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का बघायचं. इथं आमच्या भागातल्या माणसाला एक गोष्ट कुणी सांगत नाही. व्हिडिओत व्हॅक्यूमचा काटा (पाऱ्याच्या इंचांत) २९ इंचांच्या पुढं गेलेला दाखवतात. ते समुद्रकाठचं माप. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर आहे, हवेचा दाबच इथं कमी, त्यामुळे पंप उत्तम असला तरी काटा २७ इंचांच्या आसपास थांबतो. मी पहिल्या वेळी याच कारणानं दोन तास नसलेलं लीक शोधत होतो.

पंप, गेजचा संच आणि वजनकाटा एका कामासाठी विकत घेतला तर सहज सात-आठ हजार जातात, आणि एसीवाल्याची मजुरी सहसा त्याहून कमी असते. चार-पाच गाड्यांचं घर असेल, ट्रॅव्हल्सचा धंदा असेल, तर घेण्यात अर्थ आहे. एकाच गाडीसाठी नाही. कॅनमधून गॅस भरणारच असाल तर एवढं पाळा: इंजिन चालू असताना जास्त दाबाच्या बाजूचा वॉल्व्ह कधीही उघडू नका, कॅन फुटतो. आणि लेबल नसलेला स्वस्त कॅन नको. त्यात पेट घेणारा गॅस मिसळलेला असू शकतो.

मधली वाट मला सगळ्यांत पटते. गॅस एसीवाल्याकडे काढून घ्यायचा, घरी येऊन कॉम्प्रेसर बदलायचा, मग व्हॅक्यूम आणि गॅससाठी परत त्याच्याकडे. दोन खेपा होतात, पण बसवणी आपल्या हातची राहते: प्रत्येक जोडाला नवी रबरी ओ-रिंग, तिला तेलाचं बोट, सुटलेल्या पाइपांची तोंडं लगेच प्लास्टिकनं बंद, ओल शोषणारा ड्रायर सगळ्यांत शेवटी आणि त्याचं सील फोडल्याबरोबर. बसवल्यावर चकती हातानं दहा-बारा वेळा फिरवायची, म्हणजे आत साचलेलं तेल पहिल्या झटक्यात अडकत नाही. पण आधी आपला कॉम्प्रेसर क्लचवाला आहे ना हे बघा. अलीकडच्या काही गाड्यांत क्लचच नसतो, पुली फिरली की कॉम्प्रेसर फिरतोच. अशी गाडी गॅसशिवाय जांबोटीहून बेळगावला चालवत नेणं मला मान्य नाही. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीचा कॉम्प्रेसर जास्त व्होल्टेजवर चालतो, त्याचं तेलही वेगळं. त्याला घरी हात लावायचा नाही.

आता बेळगावातला, निपाणीतला, चिक्कोडीतला एसीवाला. त्याच्याकडे हाताला सवय असते आणि बोलणं मोकळं होतं. मराठीत विचारा, कानडीत विचारा, उत्तर मिळतं. काम एका दिवसात आणि शोरूमपेक्षा बऱ्याच कमी पैशात. पण माणसामाणसात फार फरक. भावाच्या गाडीचा कॉम्प्रेसर आतून जाम होऊन गेला होता, म्हणजे ॲल्युमिनियमचा चुरा सगळ्या पाइपांत पसरलेला. तिथं नवा कॉम्प्रेसर बसवला, गॅस मारला, गाडी हातात दिली. फ्लशिंग, म्हणजे पाइप आतून धुणं, नाही, ड्रायर जुनाच. सहा महिन्यांत नवाही गेला. मग दुसऱ्या एका मिस्त्रीनं आम्हाला समोर बसवून सांगितलं, "अण्णा, चुरा आत ठेवून नवीन बसवलं की तेच परत होतंय की. कंडेन्सर बदलूया, नाहीतर मी हात घालत नाही." त्याचं बरोबर होतं. कंडेन्सर म्हणजे गॅस थंड करणारी पुढची जाळी, आणि आजकाल तिच्या नळ्या इतक्या बारीक असतात की चुरा धुऊन पूर्ण निघत नाही. अशा वेळी कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन वॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा) असा संच धरूनच खर्च मांडा. तो आकडा झेपत नसेल तर नुसता कॉम्प्रेसर बदलू नका, एसी बंद ठेवून पैसे साठवा.

चांगला एसीवाला ओळखायला मी तीन गोष्टी बघतो. गॅस ओढून घ्यायचं यंत्र आहे का. गॅस वजनावर भरतो की नुसत्या काट्यावर (काटा दिवसाच्या उन्हाप्रमाणे बदलतो, वजन बदलत नाही, किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं). आणि जुना कॉम्प्रेसर उघडून त्यातलं तेल मला दाखवतो का. तेल काळं, चमचमतं असेल तर पुढचं सगळं बोलणं बदलतं.

शोरूमबद्दल थोडक्यात. गाडी वॉरंटीत असेल तर दुसरा विचार करू नका, तिथंच न्या. अंगणात उघडलेल्या यंत्रणेचा दावा मान्य होणं कठीण. वॉरंटी संपल्यावर तिथं मिळतो तो योग्य पार्ट आणि पक्कं बिल. पण तिथं दुरुस्तीपेक्षा अख्खा भाग बदलण्याकडे कल असतो, बेअरिंगसारखी कामं सहसा घेत नाहीत, आणि पार्ट मागवायचा असेल तर वाट बघावी लागते.

पार्ट कुठला घ्यायचा हा वेगळा वाद. नवा घेताना कंपनीच्या डब्यातलाच हवा असं नाही. मारुतीला सुब्रोस माल देते, इतर गाड्यांत सँडेन, डेन्सो, हॅनॉन अशी नावं दिसतात. तोच उत्पादक बाजारातून घेतला तर चालतो. छोट्या गाडीचा नवा ढोबळमानानं आठ-दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत जातो. रिकंडिशनला मी तयार आहे, पण त्यात सील आणि बेअरिंग नवं आहे हे बिलावर लिहून देणाराच हवा. भंगारातला मी घेणार नाही. तो किती दिवस उघड्या तोंडानं पडून होता आणि त्यानं किती ओल प्यायली, हे बाहेरून दिसत नाही. सीमेवरच्या माणसानं वॉरंटीचं अंतरही मोजावं. निपाणीवाल्याला कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यानं खुशाल कोल्हापूरहून घ्यावा. खानापूरवाल्यानं पाचशे रुपये वाचवायला तिथून आणला तर बदलून घ्यायच्या एका खेपेत ते डिझेलमध्येच जातात.

वेळही निवडा. कणकुंबी-जांबोटीकडं जुलैत भिंतींना ओल सुटते, त्या हवेत यंत्रणा उघडी टाकणं म्हणजे तेलाला पाणी पाजणं. मी हे काम दिवाळी ते होळीच्या मधे करतो. पण फार लांबवूही नका. आमच्याकडं एसीची खरी गरज मे महिन्यापेक्षा पावसात चोर्ला घाटात लागते, काचेवरची वाफ दुसऱ्या कशानं इतकी लवकर जात नाही. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडं उलटं: तिथं ऊन कडक आणि हंगामात उसाचा पाचोळा, धूळ कंडेन्सरवर बसते. जाळी तुंबली की दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. नवा बसवायच्या आधी कंडेन्सर साध्या पाण्यानं धुवा, पंखा लागतो का बघा. पंखाच बंद असेल तर जुनाही त्यामुळंच गेला असेल.

गाडी कुठंही द्या, परत घेताना बिलावर एवढं लिहून घ्या: गॅस किती ग्रॅम, तेल कुठलं आणि किती मिली, ड्रायर बदलला की नाही, पार्टवर वॉरंटी किती महिने. बिल कानडीत असलं तरी चालेल, आकडे वाचता येतात. आणि जुना कॉम्प्रेसर मागून घरी आणा. पुढच्या वेळी काही झालं तर मिस्त्रीला दाखवायला तो लागतो.