जड युद्धधनुष्याचा नेम: जवळचं लक्ष्य की लांबचा झेंडा?

‘मेरी रोझ’ हे इंग्रज जहाज १५४५ मध्ये बुडालं. त्यात सापडलेल्या धनुष्यांचा ताण (दोरी पूर्ण ओढायला लागणारं बळ) साधारण १०० ते १८५ पौंड असावा, असा अंदाज आहे. असल्या धनुष्यावर नेम किती साधतो, हे तपासायचं कसं?

३० यार्डांवर गवताचं लक्ष्य लावलं की मोजणं सोपं. सहा बाण मारा, टेप लावून त्यांच्यातलं अंतर घ्या. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे बाण सारखे डावीकडे जात असतील, तर बाणाचा दांडा बहुधा ताणाच्या मानाने जास्त ताठ आहे. हे जवळूनच नीट कळतं.

दुसरी पद्धत क्लाउटची: १८० यार्डांवर जमिनीत झेंडा आणि भोवती १२ फूट त्रिज्येचं वर्तुळ. माझा कौल हिलाच. जड धनुष्य पूर्ण ताणून नेम धरत थांबता येत नाही. पाठ थरथरायला लागते आणि दोरी इंचभर पुढे सरकते. जवळच्या लक्ष्यावर ती चूक लपते, इथे बाण झेंड्याच्या कितीतरी अलीकडे पडतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या १५४१ च्या कायद्यानेही २४ वर्षांवरच्यांना हलक्या बाणांनी २२० यार्डांच्या आतल्या खुणेवर सराव करायला मनाई केली होती.

अर्थात वारा इथे हिशेब बिघडवतो, आणि झेंड्यापलीकडचं मैदानही दूरवर रिकामं हवं. कुठलीही पद्धत घ्या, पण पहिले सहा आणि दमल्यावरचे शेवटचे सहा बाण वेगळे मोजा.