इंटरचेंजचा आराखडा: मोजणी चोख, पादचारी मात्र राहून गेले

महामार्ग आणि दुसरा रस्ता जिथे पुलाने एकमेकांना ओलांडतात, त्या इंटरचेंजजवळची रोजची कोंडी सोडवायला आमच्या समितीने एका सल्लागार संस्थेकडून आराखडा करून घेतला. त्या संस्थेने मोजणी मनापासून केली. प्रत्येक वळणावरच्या गाड्या वेगळ्या मोजल्या. संध्याकाळी रॅम्पवरची (महामार्गाला जोडणाऱ्या रस्त्यावरची) रांग थेट महामार्गाच्या लेनपर्यंत पोचते, हे मी त्यांच्यासोबत उभं राहून पाहिलं. पूल रुंद करण्याऐवजी त्यांनी 'डायव्हर्जिंग डायमंड' सुचवला. पुलावर गाड्या थोडा वेळ विरुद्ध बाजूने जातात, म्हणून रॅम्पकडे वळताना समोरची वाहतूक आडवी येत नाही. अमेरिकेत मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला २००९ पासून असा इंटरचेंज आहे. मला पटलं.

पण पायी चालणाऱ्यांची मोजणीच नव्हती! शाळेची मुलं तिथूनच रस्ता ओलांडतात. दोनदा सांगितल्यावर पुलाच्या मधोमध कठडे असलेला पदपथ आराखड्यात आला. सिग्नलच्या वेळा अजून सुधारायला हव्यात.