एचएफ संकरित गाय: सीमाभागातल्या गोठ्याला कितपत मानवते?

निकाल आधीच सांगतो. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव या पट्ट्यात डेअरीला दूध घालण्यासाठी गाय घ्यायची असेल, तर निम्म्या रक्ताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, म्हणजे निम्मं रक्त या विदेशी जातीचं आणि निम्मं देशी गाईचं, पैसे वसूल करून देते. ‘प्युअर एचएफ’ म्हणून दलाल जी 75 टक्क्यांच्या वरची गाय दाखवतो, ती मात्र साध्या पत्र्याच्या गोठ्यात उन्हाळा लागला की बसते. अथणीकडच्या कोरड्या उन्हात तर तिच्या नादी लागूच नये.

होल्स्टीन फ्रिजियन ही मूळची नेदरलँड्सच्या फ्रिसलंड भागातली आणि त्याला लागून असलेल्या उत्तर जर्मनीतली. थंड हवा आणि कोवळ्या गवताची ओली कुरणं यांवर ती घडली. 1852 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विन्थ्रॉप चेनेरी यांनी डच गाय बोटीवरून आणली आणि पुढे अमेरिकेत या जातीची निवड मुख्यतः दुधावर होत गेली. पूर्ण वाढीची शुद्ध गाय 600 ते 700 किलोची असते. एवढं दूध द्यायला खाणं जास्त, आणि खाल्लेलं पचवताना अंगात उष्णताही जास्त तयार होते. 5 ते 21 अंशांत ती खूश असते. पारा 26 च्या पुढे गेला की ती वैरण सोडते, धापा टाकते, दूध उतरतं आणि माजही मुका होतो, म्हणजे बाहेरून कळत नाही.

म्हणूनच रक्ताचं प्रमाण पाहायचं. आपल्या हवेला 50 ते 62.5 टक्के विदेशी रक्त मानवतं, तज्ज्ञांची शिफारसही तीच आहे. गडबड होते ती गाय भरवताना. खिलार किंवा गावरान गाईला एचएफची कांडी (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) भरली की कालवड 50 टक्क्यांची. तिलाही शुद्ध एचएफचीच कांडी भरली की पुढची 75, आणि तिच्या पुढची 87.5. पहिल्या पिढीनंतर संकरित वळूची कांडी मागून घ्या. कांडीवर जात आणि वळूचा नंबर छापलेला असतो. तो वाचा, वहीत उतरवा, आणि मगच डॉक्टरांना भरू द्या.

दूध भरपूर, पण पातळ. फॅट साधारण 3.5 असते, जर्सीची 5 च्या आसपास जाते. दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मिळत असल्याने नुसत्या लिटरवर हिशेब करू नये. नंदिनीच्या (कर्नाटकच्या सहकारी दूध संघाच्या) सोसायटीला दूध घातलं तर कर्नाटक सरकारचं लिटरमागचं प्रोत्साहन धरता येतं. खासगी डेअरीला किंवा सीमेपलीकडे घातलेल्या दुधाला ते नाही. दोन्ही दर मांडून बघा. खोंडाची मात्र आशा धरू नये. वशिंड नसल्याने जू नीट टिकत नाही आणि उन्हात तो लवकर दमतो. औताला अजूनही खिलारच लागतो.

खुराक हा या गाईचा खरा खर्च. 400 किलोची, 15 लिटरवर असलेली गाय धरली, तर शरीरपोषणाला दीड किलो आणि दर 3 लिटरला 1 किलो, असं साडेसहा किलो पशुखाद्य लागतं. सोबत 20 किलो ओली वैरण आणि 4 किलो कडबा. पाणी दिवसभर समोर हवं, उन्हाळ्यात 80 ते 100 लिटर सहज जातं. साखर कारखाने सुरू झाले की आपल्याकडे फुकटात मिळतात म्हणून महिनोन् महिने नुसते वाढे (उसाचे हिरवे शेंडे) घातले जातात, आणि घात तिथंच होतो. वाढ्यांत प्रथिनं कमी, आणि त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मग गाय अशक्त होते, माज चुकतो, भरवूनही गाभण न राहता उलटत राहते. वाढे निम्म्यावर आणा, जोडीला लसूणघास किंवा सोयाबीनची गुळी द्या आणि क्षारमिश्रण रोज 50 ग्रॅम चुकवू नका. दूध वाढावं म्हणून पीठ किंवा मका एकदम वाढवला तर पोटात आम्ल होतं, रवंथ थांबतो आणि आधी फॅट पडते.

व्याल्यावर पहिले तीन दिवस जपायचे. गाय बसली, मान कुशीकडे वळवली आणि कान गार लागले, तर तो दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटणं. शिरेतून कॅल्शियम हळूहळू द्यावं लागतं आणि ते काम डॉक्टरांचंच. तोंडाने औषध पाजू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं.

गोठा पूर्व-पश्चिम लांब ठेवा आणि पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाका. अंग भिजवून वर पंखा लावला तर गाय निवते. खानापूरच्या पावसाळी दमट हवेत मात्र पाणी मारू नका, नुसता पंखा पुरे. तिथं खूर कुजणं आणि गोचीड हा मोठा ताप. गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालतो, म्हणून गाईला औषध लावून फटी तशाच ठेवल्या तर काही उपयोग नाही. त्या सिमेंटने बुजवा. 105 अंश फॅरेनहाइट ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थायलेरियाची (गोचिडातून होणाऱ्या रक्ताच्या आजाराची) शंका घ्या. त्यावर बुपार्वाक्वोन हे औषध लवकर मिळालं तरच गाय वाचण्याची आशा.

खरेदीला जाल तेव्हा बाजारात तटतटलेली कास पाहून भुलू नका. आदल्या वेळचं दूध न काढता गाय उभी केलेली असते. गोठ्यावर जा, समोर एकदा पूर्ण पिळायला लावा, ते दूध हिशेबात धरू नका. पुढच्या दोन वेळांचं मोजा, तेच खरं. पिळल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडली पाहिजे. हाताला गाठ लागली तर जुना दगडी (कासेचा दाह) समजा. चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घ्या, गुठळी लगेच दिसते. दात बघा: दुदाती म्हणजे दोनेक वर्षांची, जुळलेली म्हणजे साडेचारच्या पुढची. दुसऱ्या वेताची घेतलेली बरी. गाभण म्हणून सांगत असतील तर डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि ब्रुसेल्लासाठी (गाभ टाकायला लावणाऱ्या संसर्गजन्य रोगासाठी) तिचं रक्तही तपासायला द्या. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 अंकी नंबर खरेदीच्या पावतीवर लिहून घ्या, विम्याच्या वेळी तोच विचारतात. मालक बिल्ला हरवला म्हणाला, तर नवा बिल्ला मारून त्याची नोंद झाल्याशिवाय पैसे देऊ नका.