१९०९ की चक्षू? फसव्या मेसेजांवर काय चालतं

'आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा.' नाशकात सिडको ते पंचवटी, हा मेसेज सगळ्यांच्या ओळखीचा. महावितरणचा खरा मेसेज 'एमएसईडीसीएल' असलेल्या हेडरने (पाठवणाऱ्याच्या नावाने) येतो, दहा अंकी नंबरवरून नाही.

१९०९ या नंबरची डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे जाहिराती रोखणारी) सेवा फुकट आहे. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट ०' असा एसएमएस पाठवला की नोंदणीकृत कंपन्यांच्या जाहिराती थांबतात. पण भामटा कसली नोंदणी करतोय! त्याच्यासाठी संचार साथी या सरकारी पोर्टलवरची 'चक्षू' ही तक्रार-सोय बरी: स्क्रीनशॉट, नंबर, तारीख-वेळ भरा, शेवटी ओटीपी टाका. पैसे गेले असतील तर मात्र चक्षूवर वेळ घालवू नका, थेट १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

गूगल मेसेजेसमधलं स्पॅम संरक्षण चालू ठेवा. त्यात कधी कुरिअरचा खरा मेसेजही अडकतो, म्हणून स्पॅमचं फोल्डर अधूनमधून चाळा.