गच्चीसाठी सातेरी की पोया?

कुंड्या फुलल्या आहेत, काकडी-कारल्याच्या वेलाला फुलं भरपूर पण फळ धरत नाही, आणि आता मधमाश्याच आणाव्यात असं घरात ठरतंय. अशा वेळी निवड शेवटी सातेरी (पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी) आणि पोया (बिनडंखाची इवली माशी) या दोघींवरच येते. आग्या आणि फुलोरी या जातीच्या माश्या पेटीत राहत नाहीत, आणि मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी मधमाशीच्या पेट्या फुलोऱ्यामागून गावोगाव हलवाव्या लागतात. तो घरगुती उद्योग नव्हे.

मी दोन्ही ठेवून पाहिल्या. सध्या गच्चीवर पोया आहे. तरी आधी सातेरीबद्दल सांगतो, कारण तिची बाजू खरोखर भक्कम आहे.

पहिलं म्हणजे मध. वसाहत जोमात असेल तर गच्चीवरही घरापुरता मध निघतो आणि शेजारी वाटायलाही उरतो. दुसरं म्हणजे शिकायची सोय. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. त्यामुळे पेटी, पोळं धरणाऱ्या चौकटी, मध काढायचं यंत्र आणि अडल्यावर सांगणारं माणूस हे सगळं सातेरीवाल्याला मिळतं. आणि चौकट उचलून राणी शोधण्यात जी मजा आहे, ती पोयात नाही. पोयाची पेटी उघडली की आत राळेचा काळपट गोळा, त्यात द्राक्षाच्या घडासारखी अंडकोठड्यांची रास आणि कडेने मधाच्या इवल्या कुप्या. बघून झाकण लावायचं.

मग गाडी कुठे अडली? मुंग्यांपाशी.

सातेरीच्या पेटीचं स्टँड चार पायांचं, आणि प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी. कागदावर हे सोपं आहे. एप्रिलमध्ये भर उन्हाच्या गच्चीवर सकाळी भरलेली वाटी संध्याकाळपर्यंत कोरडी पडते. जुलैत त्या वाट्या भरून वाहतात आणि वाऱ्याने एखादं पान येऊन वाटीच्या काठाला आणि पायाला टेकतं. एवढा पूल मुंगळ्यांना पुरतो. त्यात पावसाळा म्हणजे बाहेर फूल नाही, म्हणून पेटीत साखरेचा पाक ठेवायचा. म्हणजे मुंग्यांना आमंत्रण आपणच द्यायचं आणि राखणही आपणच करायची. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, म्हणून वर तेलाचा थर. पुढच्या सरीत तेल वाहून जातं, की पुन्हा तेल. आणि सातेरीचा स्वभाव असा की जास्त त्रास झाला तर ती भांडत बसत नाही, सरळ घर सोडते. आदल्या दिवशी गजबजलेली पेटी सकाळी रिकामी असते आणि उरलेल्या पोळ्यावर मेणपतंगाचं (पोळं खाणाऱ्या किड्याचं) जाळं धरायला लागतं. चार दिवस गावी जायचं तरी डोक्यात वाट्याच. ज्यांच्या घरी रोज गच्चीवर जाणारं माणूस आहे त्यांना कदाचित हे जड वाटणार नाही. मला वाटलं.

पोया इथे बाजी मारते. ही माशी भिंतीच्या भेगेत, झाडाच्या ढोलीत, विजेच्या मीटरच्या खोक्यात आपण होऊन राहणारी. पेटीची प्रत्येक फट ती राळेने स्वतःच लिंपून घेते. ये-जा करायला मेणाची आणि राळेची एक बारीक नळी, तिचा काठ चिकट. मुंगी आली की दोन-तीन माश्या पुढे होतात आणि तिच्या अंगाला राळेचे ठिपके चिकटवतात. मुंगी तिथेच अडकते. सशक्त वसाहतीला वाट्या लागत नाहीत. माझ्याकडे पेटी साध्या भिंतीवरच्या फळीवर आहे.

पोयाला डंख नाही, हा मुद्दा लोक सर्वात आधी सांगतात. शेजारच्या काकूंनीही पहिलं तेच विचारलं, “चावत नाहीत ना हो?” खरं तर चिडल्या तर केसांत आणि कानात शिरतात, बारीक चिमटेही काढतात, पण तेवढंच. सातेरीही तशी शांतच. तिच्याबद्दल तक्रार आली ती डंखाची नव्हे, वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवरच्या पिवळ्या ठिपक्यांची.

कुंड्यांच्या दृष्टीने आणखी एक फरक. सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटर सहज जाते. करंज किंवा जांभूळ फुलला की ती तुमच्या काकडीकडे कशाला बघेल? पोयाची धाव काही शे मीटरच, त्यामुळे ती तुळशीवर, सब्जावर, वेलांवर घुटमळते. मोजून ठेवलेलं नाही, पण पोया आल्यापासून वाकडी, अर्धवट वाढलेली काकडी क्वचितच दिसते.

उणिवा आहेतच. मध वर्षाकाठी एखादी लहान बाटली, तोही आंबूस आणि पातळ. वसाहत वाढते अगदी सावकाश. थंडीत उन्हं वर आल्याशिवाय काम सुरू होत नाही, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात गच्चीवरची पेटी पक्क्या सावलीशिवाय टिकणं कठीण. मधासाठीच हे सगळं करणार असाल तर सातेरीच घ्या, पण पावसाच्या तोंडावर नको. पाऊस सरल्यावर घ्या, म्हणजे वसाहतीला बाळसं धरायला हिवाळा मिळतो.

वांगी-टोमॅटोसाठी मात्र दोघींचाही फारसा भरवसा धरू नका. त्या फुलांचा पराग थरथराट केल्याशिवाय नीट सुटत नाही, आणि ते काम काळ्या भुंग्याचं किंवा निळ्या पट्ट्यांच्या माशीचं. त्यांना पेटी लागत नाही. भुंग्यासाठी वाळक्या लाकडाचा ओंडका किंवा जाड बांबू कोपऱ्यात पडू द्या. निळी माशी मातीत घर करते, तेव्हा अंगण असेल तर थोडी जमीन फरशीविना राहू द्या.

पोया घेताना एकच बघा. भिंत फोडून किंवा झाड तोडून काढलेली वसाहत घेऊ नका, त्यात राणी बऱ्याचदा हाती लागत नाही. स्वतःच्या पेटीची विभागणी करून देणारा माणूस गाठा. त्याच्याकडे नंबर लावावा लागेल, पण पेटी चालू मिळेल.